शेवटच्या अंतऱ्यातले नाव

आमच्या वस्तीतल्या बऱ्याच पोरांच्या इन्स्टाग्रामवर हल्ली नावाखाली 'इंडिपेंडंट आर्टिस्ट' असे लिहिलेले असते. चांगली गोष्ट आहे. कुणी रॅप करतो, कुणी गिटारवर भीमगीत म्हणतो, कुणी मोबाइलवरच बीट बसवतो. पण इंडिपेंडंट म्हणजे कशापासून स्वतंत्र, असे विचारले की बहुतेकांचे उत्तर एकच येते : "आपल्यामागे कंपनी नाही ना दादा." कंपनी मागे नसणे यालाच स्वातंत्र्य म्हणायचे असेल, तर आपल्या समाजातला प्रत्येक गायक पहिल्या जलशापासून स्वतंत्रच आहे. रात्रभर गाऊन सकाळी भोंग्याला मिलच्या फाटकात हजर होणाऱ्या माणसामागे कोणती कंपनी होती? कुठलीच नव्हती. कंपन्या नंतर आल्या आणि त्याच्या गाण्यावर उभ्या राहिल्या. तो होता तिथेच राहिला.

म्हणून आम्ही हा विषय आमच्याच अनुभवातून मांडणार आहोत. आम्ही म्हणजे उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत वाढलेले तिघे. एक ढोलकी वाजवणारा, एक गाणारी आणि पेटी-कीबोर्ड वाजवता वाजवता समाजशास्त्रात एम.ए. करून समाजकार्याच्या नोकरीत अडकलेला, हे लिहिणारा. बँडचे नाव इथे देत नाही, कारण जाहिरात करायची नाही. तिघांचे संसार वेगळे आहेत, पण गाण्याच्या बाबतीत गेली वीस-बावीस वर्षे आम्ही 'आम्ही' असेच बोलतो.

आमचे शिक्षण मामांच्या ओसरीवर सुरू झाले. मामा नात्याने आमच्यापैकी कुणाचेच मामा नव्हते, अख्ख्या वस्तीचे मामा होते. दिवसा मिलमध्ये आणि रात्री गायन पार्टीत. मिल बंद पडल्यावर दिवसा काहीबाही आणि रात्री गायन पार्टीतच. त्यांच्या पेटीचा भाता दोन ठिकाणी फाटलेला होता, त्याला मामींनी जुन्या छत्रीचे कापड चिकटवले होते. शिकवण्याची पद्धत अशी, की पहिले सहा महिने आम्हाला कुणाला गाऊच दिले नाही. कोरस धरायचा. मामा काळी दोनमध्ये ओळ टाकत आणि आम्ही ती झेलायची. झेलताना सूर खाली आला की ते पेटी थांबवत, बोलत काही नसत. टाळी मात्र आधी पक्की हवी. केहरवा आणि दादरा आमच्या अंगात वहीतून आला नाही, मांडीवरच्या थापेतून आला.

त्यांच्याकडे लोखंडी पेटीत वह्या होत्या. प्रत्येक पानावर गाणे, वरच्या कोपऱ्यात 'चाल' म्हणून एखाद्या सिनेमातल्या गाण्याचे नाव, आणि कधी कधी तिथे फक्त 'स्वतःची' एवढाच शब्द. मामा स्वतः लिहीत, पण गात जास्त करून वामनदादांचे. आणि एक नियम होता. वेळ कितीही झालेला असो, पुढची पार्टी स्टेजच्या पायरीवर येऊन उभी असो, शेवटचा अंतरा सोडायचा नाही. शेवटच्या अंतऱ्यात कवीचे नाव असते. एकदा घाईत आमच्यातल्या एकाने तो गाळला, तर मामा सगळ्यांसमोर म्हणाले, "पोट्टेहो, ज्यानं लिवलं त्याचं नाव गिळू नका."

तेव्हा आम्हाला ही मामांची शिस्त वाटायची. आज वाटते की आमच्या लोकांनी कायद्याच्या पुस्तकाबाहेर शोधून काढलेला तो कॉपीराइटच होता. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेला माणूस मुंबईत येऊन मोठेपणी अक्षर गिरवायला शिकतो आणि पुढे २००४ मध्ये जाईपर्यंत गावोगाव गात, लिहीत राहतो. त्याच्याकडे वकील नाही, करार नाही, छापखानाही नाही. त्याची गाणी त्याच्याआधीच पुढच्या गावात पोहोचलेली असतात. अशा माणसाने आपली मालकी नोंदवायची कुठे? गाण्याच्याच पोटात. नाव यमकात, तालात असे बसवायचे की ते काढले तर अंतरा लंगडा व्हावा. संतांच्या अभंगापासून ही रीत आहे हे खरे, पण आमच्या शाहिरांसाठी ती रीत नव्हती, सातबारा होता.

आता जयंतीच्या रात्री डीजेच्या भिंतीसमोर उभे राहून ऐका. मुखडा, पहिला अंतरा, पुन्हा मुखडा, धडाम् आवाज आणि पुढचे गाणे. शेवटचा अंतरा तिथे कधीच वाजत नाही. पंचवीस सेकंदांच्या रीलमध्ये तर प्रश्नच नाही. तंत्र बदलले, की सगळ्यात आधी आपल्या माणसाचे नाव गळते.

मामांच्याच सांगण्यावरून आम्ही शहराच्या दुसऱ्या भागातल्या एका संगीत वर्गात जाऊ लागलो. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा द्यायच्या, प्रारंभिक, प्रवेशिका करत वर चढायचे, म्हणजे उद्या कुणी 'तुम्ही काय शिकलात' असे विचारले तर दाखवायला कागद राहील, असे त्यांचे म्हणणे. सायकलने पाऊण तास. तिथे जे मिळाले ते नाकारणार नाही. तानपुऱ्यावर स्वतःचा आवाज ऐकणे, श्वास कुठे घ्यायचा, सरगम लिहायची कशी, हे आम्ही तिथेच शिकलो आणि पुढे रेकॉर्डिंगला ते फार कामी आले. पण पहिल्याच आठवड्यात आडनाव विचारून झाले होते. मग 'घरी कोण गातं?' आम्ही गायन पार्टी म्हटले. सरांच्या चेहऱ्यावर काहीच उमटले नाही, म्हणजे काय ते समजा.

वर्षाअखेर कार्यक्रम होता. प्रत्येकाने एक गीत सुचवायचे होते. आमच्या ताईने मामांचे बाबासाहेबांवरचे एक गीत सुचवले. उत्तर मिळाले, "कार्यक्रम शास्त्रीय-उपशास्त्रीय आहे, त्यात राजकारण नको." त्याच कार्यक्रमात अभंग झाले, गणेशवंदना झाली, देशभक्तीपर समूहगीत झाले. त्यातले काहीच राजकारण नव्हते. घरी येऊन मामांना सांगितले, तर त्यांना राग आला नाही. त्यांनी पेटी ओढली, ती चाल नुसत्या सुरांत वाजवली आणि विचारले, "हे कोणतं?" आम्ही तोवर परीक्षेपुरते राग ओळखू लागलो होतो. भैरवी होती.

एम.ए.ला असताना पिअर बोर्दिए वाचला तेव्हा 'सांस्कृतिक भांडवल' ही संकल्पना आम्हाला समजावून घ्यावी लागली नाही. पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, भातखंड्यांनी बंदिशी गोळा करून लिपीत आणल्या, आणि घराण्यांच्या उस्तादांकडे, कोठ्यांवरच्या गायिकांकडे असलेली विद्या वर्गात, वहीत, परीक्षेत आली. हे काम मोठेच आहे. पण ती विद्या वर्गात येताना तिच्याबरोबर कोण आत आले आणि कोण दाराबाहेर राहिले, हेही बघायला नको का? टी. एम. कृष्णा यांचे 'सेबॅस्टियन अँड सन्स' हे २०२० सालचे पुस्तक मृदंग घडवणाऱ्या कारागिरांवर आहे. कातडे कमावणारा, ताणणारा, शाई लावणारा हात दलित ख्रिस्ती कुटुंबांचा, आणि मांडीवर मृदंग घेऊन मैफलीत बसणारा हात दुसऱ्याचा. वाद्याला विटाळ नाही, वाद्य करणाऱ्याला आहे. स्वतः ब्राह्मण घरातून आलेल्या आणि कर्नाटक संगीताच्या शिखरावर असलेल्या माणसाने हे लिहिले तर प्रकाशनासाठी आधी दिलेले सभागृह चेन्नईच्या कलाक्षेत्राने नाकारले.

वाद्याचा हा प्रश्न आमच्या घरातही होता. आमचा ढोलकीवाला मातंग समाजातला. त्याच्या आजोबांकडे डफडे होते. सणाला, वरातीपुढे, मयतीला वाजवायचे आणि उष्ट्या भाकरीवर घरी यायचे. त्याच्या वडिलांनी त्या डफड्याला कधी हात लावला नाही. पुढे आम्ही रेकॉर्डिंगमध्ये डफडे घ्यायचे ठरवले, तेव्हा ते आमच्यासमोरच त्याला म्हणाले, "माह्या बापानं हे डफडं खाली ठेवलं म्हणून मी शाळेत गेलो. तू शिकूनसवरून परत तेच गळ्यात बांधतं का?" या प्रश्नाला आमच्याकडे पाठ केलेले उत्तर नव्हते. बाबासाहेबांनी गावकीची कामे सोडायला सांगितली ती उगाच नाही. त्या वाद्याच्या आवाजात कलेइतकीच हुकमाची आठवण आहे, आणि ज्यांनी ते सोसले त्यांना 'अहो, ही तर आपली लोककला' असे सांगायला जाणे हा शहाणपणा नव्हे.

आम्हाला वाट दिसली ती मद्रासकडून. २०१८ च्या जानेवारीत चेन्नईत 'द कास्टलेस कलेक्टिव्ह'चा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. दिग्दर्शक पा. रंजित यांचे नीलम कल्चरल सेंटर त्यामागे होते, संगीताची बाजू तेन्माकडे. मंचावर एकोणीस जण. उत्तर मद्रासच्या वस्त्यांतले गाना गायक, रॅपर, गिटार, ड्रम आणि त्यांच्या बरोबरीने परई. परईचा इतिहास आपल्या डफड्याचाच सख्खा भाऊ आहे. बँडचे नावही उगाच ठेवलेले नाही, ते अयोती दास पंडितांच्या 'जातिविरहित तमिळ' या मांडणीतून आले आहे. त्या व्हिडिओत परई वाजवणाऱ्याला कुणी वाजव म्हणून हुकूम करत नव्हते. तो मंचाच्या मागेही उभा नव्हता. आम्ही तो व्हिडिओ ढोलकीवाल्याच्या वडिलांना दाखवला. त्यांनी पूर्ण पाहिला. "ते पैसे घेतात का वाजवायचे?" एवढेच विचारले. आम्ही हो म्हटले. "मंग ठीक आहे," म्हणाले. आमच्या सगळ्या सैद्धांतिक चर्चेपेक्षा त्यांचा प्रश्न नेमका होता. डफडे वाजवणे आणि डफडे वाजवायला लागणे यांतला फरक त्यांनी मोबदल्यात मोजला.

आणि इथेच आपल्या समाजाशी आमचे भांडण सुरू होते.

कॉलेजात असताना, २००९ च्या सुमारास, आम्ही बँड काढला. जुना कीबोर्ड, मित्राची गिटार, ढोलकी आणि पुढे हप्त्यावर घेतलेला ऑक्टोपॅड. तालीम विहाराच्या हॉलमध्ये, संध्याकाळची वंदना झाल्यावर. अट एकच, नऊला पंखे बंद करून चावी द्यायची. चौदा एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, अशोक विजयादशमी असे आमचे वर्ष. पहिल्या दोन-तीन वर्षांत आम्ही किती ठिकाणी वाजवले याचा हिशेब नाही, कारण हिशेब ठेवण्यासारखे काही मिळतच नव्हते. पुष्पगुच्छ, शाल आणि बाबासाहेबांची फ्रेम. एकेका घरात किती फ्रेम लावायच्या?

एका जयंती समितीकडे आम्ही निदान टेम्पोभाडे आणि वादकांपुरती बिदागी मागितली. अध्यक्ष म्हणाले, "समाजाचं काम आहे भाऊ, पैसे काऊन मांगता?" ते वाईट माणूस नव्हते. खरोखर मनापासून बोलत होते. पण त्याच टेबलावर डीजेला दिलेल्या अॅडव्हान्सची पावती होती, जनरेटरची होती, लेझर लाइटची होती. डीजेवाल्याला कुणी समाजाचे काम सांगितले नव्हते. मंडपवाल्यालाही नाही. समाजाचे काम फक्त गाणाऱ्याने करायचे असते. आणि गाणारी बाई असेल तर तिने आणखी पोहे संपेपर्यंत थांबायचे आणि मग रात्री एक वाजता घरी कसे जायचे ते तिचे तिने बघायचे.

यावर ज्येष्ठ कार्यकर्ते एक मुद्दा नेहमी मांडतात : आपले गाणे हा धंदा नाही, प्रबोधन आहे. भीमराव कर्डकांच्या जलशाने कधी तिकीट लावले का? वामनदादांनी कधी दर सांगितला का? हा मुद्दा आम्ही हलका मानत नाही. आम्हीही याच संस्कारात वाढलो. पण जलसा गावात आला की त्याच्या भाकरीची, झोपायची सोय वस्ती करत असे, हे आम्ही जुन्या लोकांकडूनच ऐकले आहे. ज्या वस्तीत दोन वेळची चूल नीट पेटत नव्हती, ती जलसेकारांना जेवू घालत होती. म्हणजे मोबदला होता, नाण्यात नव्हता इतकेच. कव्वालीच्या मुकाबल्यातही लोक एकेक नोट आणून पेटीवर ठेवत आणि गायक देणाऱ्याचे नाव माइकवरून घेत. ती पद्धत आम्हाला फारशी आवडत नाही, तिच्यात गाण्यापेक्षा नावेच जास्त वाजतात. पण निदान तिथे गाण्याची किंमत आहे हे उघडपणे मान्य होते. आता समाजात नोकरदार आहे, कंत्राटदार आहे, वर्गणी लाखांत जाते, आणि तरीही गाणाऱ्याला त्यागाची आठवण करून दिली जाते, तेव्हा तो त्याग नसतो. ती वेठ असते. आपल्या बापजाद्यांनी जी वेठ सोडली तीच आपण निळा झेंडा लावून परत आणायची का, याचे उत्तर समित्यांनी द्यावे.

आता रेकॉर्डिंगचे.

पहिल्यांदा आम्ही स्टुडिओत गेलो ते तासाच्या दराने. घड्याळ भिंतीवर आमच्या समोरच लावलेले. आयुष्यभर माणसांबरोबर वाजवलेल्या आमच्या ढोलकीवाल्याच्या कानात मेट्रोनोमची टिकटिक घातली आणि तो गडबडला. जिवंत लय श्वास घेते, थोडी पुढे-मागे होते. तीन तासांत एक गाणे झाले, तेही धाव घेतल्यासारखे. मग एका छोट्या कंपनीने अल्बम काढायची तयारी दाखवली. खर्च आमचा, कव्हर त्यांचे, हक्क त्यांचे. म्हणजे पैसे देऊन आपलेच गाणे विकायचे. नाही म्हटले.

पुढे भिशीच्या पैशांतून ऑडिओ इंटरफेस, एक कंडेन्सर माइक आणि जुना लॅपटॉप घेतला. ताईच्या घरातली मागची खोली म्हणजे स्टुडिओ. भिंतींना मामींच्या, आयांच्या गोधड्या टांगल्या. आवाज शोषून घ्यायला जाड, असमान कापडासारखे दुसरे काही नाही, आणि गोधडी फुकट असते. रात्री अकराच्या पुढेच काम, कारण त्याआधी कुकरच्या शिट्ट्या, मोटारसायकली आणि शेजारच्या टीव्हीवरची मालिका यांनाही आमच्या गाण्यात यायचे असे. पंखा बंद. नागपूरच्या मे महिन्यात पंखा बंद करून जो गातो त्याला आम्ही मानतो.

सगळ्यात जास्त छळले डफड्याने. त्याचा ठोका इतका तीक्ष्ण की जवळ माइक ठेवला तर आवाज फाटायचा, लांब ठेवला तर खोलीचा पोकळपणा यायचा. शेवटी माइक सरळ समोर न ठेवता बाजूला, सहा-सात फुटांवर, कातड्याच्या कडेकडे तोंड करून ठेवला तेव्हा कुठे तो आवाज पकडीत आला. शिवाय कातडे शेकावे लागते. पावसाळ्यात तर दर दोन टेकनंतर ते ढिले पडे. बाहेरच्या ओट्यावर शेगडी पेटवलेली, ढोलकीवाल्याचे वडील ती वारा घालून जिवंत ठेवत बसलेले आणि कातडे किती तापले हे तळहाताने बघून तेच सांगत, "आता ने." हाताला ते ज्ञान होते, त्यांनी कधी वाजवले नसले तरी.

२०१९ मध्ये मामांचे एक गाणे आम्ही असे रेकॉर्ड केले आणि यूट्यूबवर टाकले. मामा २०११ मध्येच गेले होते. चौथ्या दिवशी नोटीस आली, की या गाण्याचे शब्द आणि चाल एका कंपनीच्या मालकीचे आहेत आणि व्हिडिओवर जे काही उत्पन्न येईल ते तिला जाईल. कंपनीचे नाव आम्ही इथे घेत नाही. शोधले तर तिच्या चॅनेलवर मामांच्याच आवाजातली जुनी कॅसेट चढवलेली सापडली. खाली लिहिले होते, 'गीत : पारंपरिक'.

पारंपरिक! ज्याच्या भात्याला छत्रीचे कापड होते, जो आम्हाला नाव गिळू नका म्हणून दटावत होता, तो माणूस जाऊन आठ वर्षांत परंपरा झाला. अन्याय नेहमी दांडके घेऊन येतो असे नाही. कधी तो एका शब्दाने येतो, आणि तो शब्द ऐकायला आदराचाही वाटतो.

मामींनी लोखंडी पेटी उघडून दिली. वह्यांच्या खाली १९९८ सालचा स्टॅम्प पेपर होता. आठ गाण्यांचे हक्क कंपनीस दिले, दर गाण्यामागे दोनशे रुपये रोख मिळाले, सही. किती वर्षांसाठी, याबद्दल एक अक्षर नाही. इथून पुढचा भाग तरुणांनी जरा नीट वाचावा, कारण असे कागद तुमच्याही घरातल्या पेट्यांत असणार. कॉपीराइट कायद्याचे कलम १९ सांगते, की हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरायची, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरायचा. ही तरतूद १९९४ च्या दुरुस्तीने आली, त्यामुळे त्याआधीच्या करारांना ती लागू नाही. मामांचा कागद नंतरचा. म्हणजे २००३ मध्येच शब्द आणि चाल मामांकडे परत आली होती आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. कंपनीकडे राहिले ते तिने केलेले ध्वनिमुद्रण. गाणे वेगळे आणि गाण्याचे मुद्रण वेगळे, या दोन मालक्या कायद्याने स्वतंत्र आहेत, हे आपल्या बहुतेक गायकांना कुणी सांगितलेलेच नसते.

आणखी तीन गोष्टी. शब्द आणि चाल यांवरचा हक्क कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांवरचा हक्क म्हणूनच २०१६ च्या अखेरीस संपला. वामनदादांच्या गाण्यांवरचा २०६४ पर्यंत आहे, मामांच्या गाण्यांवरचा २०७१ पर्यंत. दुसरे, २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा कंपनीला लिहून देता येत नाही, कागदावर सही घेतली तरी. आणि तिसरे, आम्हाला सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते कलम ५७. हक्क विकला तरी 'हे मी लिहिले' असे म्हणण्याचा अधिकार विकला जात नाही. माणूस गेल्यावर तो वारसांना बजावता येतो.

आम्ही यूट्यूबवर आक्षेप नोंदवला, स्टॅम्प पेपरचा तपशील दिला. समोरच्याला उत्तरासाठी तीस दिवस असतात. उत्तर आले नाही, दावा उठला. उत्पन्न किती होते विचाराल तर एका महिन्याचा सिलिंडरही आला नसता. पण प्रश्न सिलिंडरचा नव्हता.

आपल्यातले काही मित्र म्हणतात, कशाला या वकिलीत पडता, गाणे व्हायरल झाले की नाव आपोआप होते. व्हायरल होण्याने माणूस पोहोचतो, हे खरेच आहे. एकतारी घेऊन गाणाऱ्या कडूबाई खरातांना महाराष्ट्राने ओळखले ते मोबाइलवरूनच. जालंधरच्या गिन्नी माहीला देशाने ओळखले ते २०१६ च्या सुमारास इंटरनेटवरूनच. पण पोहोचणे आणि मालकी या एकच गोष्टी नाहीत. २०२१ च्या मार्चमध्ये आलेले 'एन्जॉय एन्जामी' घ्या. शब्द अरिवूचे, आजीच्या चहामळ्यातल्या कष्टांची आठवण त्याची, आवाजही त्याचा आणि धीचा. गाणे जगभर गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'रोलिंग स्टोन इंडिया'च्या मुखपृष्ठावर त्या गाण्याचा गौरव झाला, तेव्हा छायाचित्रात अरिवू नव्हता. पा. रंजित यांनी जाहीर प्रश्न विचारला, गदारोळ झाला, मग मासिकाने अरिवूचे वेगळे डिजिटल मुखपृष्ठ काढले. आणि २०२४ मध्ये संगीतकार संतोष नारायणन यांनीच उघडपणे सांगितले, की या गाण्यातून आपल्याला काहीच मिळालेले नाही. इतके ऐकले गेलेले गाणे, आणि ही स्थिती! मग आमच्या-तुमच्या पाच हजार व्ह्यूंचे काय घेऊन बसलात?

उलट बाजूचे उदाहरणही सांगायला हवे. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज सत्यनारायणाच्या पूजेत, आषाढी-कार्तिकीला महाराष्ट्राच्या घराघरांत वाजतो. तो आवाज भीमगीतांचा, कव्वालीच्या मुकाबल्यांचाही आहे हे त्या पूजा घालणाऱ्यांपैकी कितींना माहीत आहे? आवाज घरात घेतला, माणूस उंबऱ्याबाहेर ठेवला. हे शक्य होते कारण कॅसेटवरचे नाव कुणी वाचत नाही. म्हणून नाव वाचले जाईल अशी व्यवस्था आपणच करायची आहे, दुसरे कुणी करणार नाही.

आता आमच्याकडे कोणतेही गाणे रेकॉर्ड करण्याआधी एक साधा कागद होतो. शब्द कुणाचे, चाल कुणाची, कोण गाणार, कोण काय वाजवणार, कुणाचा वाटा किती, मुद्रण कुणाच्या मालकीचे. मराठीत, एका पानात, सगळ्यांच्या सह्या. पहिल्यांदा हा कागद काढला तेव्हा आमच्यातच वाजले. इतक्या वर्षांच्या मैत्रीत कागद कशाला, असे ढोलकीवाला दोन दिवस बोलला नाही. मग त्यानेच शेगडीसमोर बसणाऱ्या वडिलांचे नाव त्यात घालायला लावले. घातले. 'डफडे शेकणे व लावणे' असे लिहून. मामींची नोंदणी आयपीआरएसकडे वारस म्हणून करण्याचे काम सुरू आहे. १९६९ पासून असलेली ही संस्था वारसांनाही सभासद करून घेते, फक्त कागद गोळा करताना दमछाक होते. जयंतीसाठी बोलावणाऱ्या मंडळांनाही आम्ही एक पान देतो : वादकांची बिदागी, गायिकेची घरी जायची सोय आणि कार्यक्रमपत्रिकेत कवीचे नाव. यंदा दोन मंडळांनी सही केली. एकाने 'पुढच्या वर्षी बघू' म्हटले आणि डीजे ठरवला.

मामांच्या वह्यांचे फोटो काढून झाले आहेत, सात वह्या. ज्या पानांवर चाल म्हणून 'स्वतःची' लिहिले आहे, त्यातल्या निम्म्या चाली आम्हाला येतात, बाकीच्यांसाठी त्यांच्या पार्टीतल्या उरलेल्या म्हाताऱ्या कोरसवाल्यांना गाठतो आहोत. एक जण कामठीला आहेत, एक भंडाऱ्याकडे लेकीकडे. त्यांना शब्द आठवत नाहीत, पण ओळ टाकली की ते अजून झेलतात. तुमच्या गावात, वस्तीत अशा वह्या असतील तर रद्दीवाल्याच्या आधी तुम्ही पोहोचा. मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो घ्या, वर कवीचे पूर्ण नाव, गाव आणि असेल ते साल लिहा.

कंपनीला मामींच्या सहीने कलम ५७ चा हवाला देऊन दोन पत्रे गेली. दुसऱ्या पत्रानंतर त्यांनी चॅनेलवरचा 'पारंपरिक' हा शब्द काढला. नाव घातले नाही. 'गीत' या शब्दापुढची जागा आता कोरी आहे. तिसरे पत्र गेल्या महिन्यात वकिलामार्फत रजिस्टर्ड पोस्टाने गेले आहे, पोचपावती आली आहे.